गोड बोलण्याची गोळी

भीमरावांच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकायला मिळावा म्हणून कल्याणीनं सहा वर्षं जिवाचं रान केलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले तिचे हे सासरे अख्ख्या कोथरूडला पुरून उरतील इतके खडूस. उपमा पुढे ठेवला की विचारायचे, "हा खायचा, की भिंतीला लिंपायचा?"

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी मात्र नवल घडलं. भीमरावांनी उपम्याचा घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "फार सुरेख झालाय गं. तू आलीस आणि घराचं सोनं झालं."

कल्याणी हरखली. हिंजवडीच्या ऑफिसला दांडी मारल्याचं सार्थक झालं असं तिला वाटलं. मग शेजाऱ्यांनी पुन्हा गेटसमोर गाडी लावल्याचं कळलं, तर भीमराव म्हणाले, असू दे, त्यांनाही जागा हवीच की. आणि बोलता बोलता त्यांची मान छातीवर पडली.

आता मात्र तिला शंका आली. कौतुक खरं असावं असं तिला फार वाटत होतं, म्हणून क्षणभर ती थांबलीही. मग तिनं सासूबाईंना गोळ्यांचं विचारलं.

जयाबाईंनी निरागसपणे बिस्किटांचा डबा काढला. गेल्या वर्षीच्या कंबरदुखीतल्या दोन गोळ्या उरल्या होत्या. वाया कशाला घालवायच्या, म्हणून नव्या गोळ्यांबरोबर त्याही दिल्या. नाव वेगळं, म्हणजे औषधही वेगळंच, असं त्यांना वाटलं होतं.

कल्याणीनं फोन लावताच डॉक्टर कडाडले. सुजेची गोळी जेवणानंतर आणि अफूच्या जातीची फार दुखलं तरच, एवढीच जोडी त्यांनी नेमून दिली होती. जुन्या गोळ्याही अफूच्याच जातीच्या, नुसतं नाव निराळं. असा दुप्पट डोस झाला तर श्वास मंदावतो. त्यांना झोपू देऊ नका, ताबडतोब घेऊन या.

दोन दिवसांनी भीमराव घरी परतले. जयाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं, उपम्यासकट. ते सुनेकडे वळले.

"मी कौतुक केलं आणि तू थेट डॉक्टरला फोन लावलास?"

कल्याणीनं मान खाली घालून हो म्हटलं.

"खरं मानून बसली असतीस, तर मी गेलोच होतो. या घरात मला ओळखलंस ते तूच."

कल्याणीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. आजच्या गोळ्या तिनं स्वतःच्या हातानं दिल्या होत्या, डॉक्टरांनी लिहिल्या तेवढ्याच.