येते म्हणून गेली

शस्त्रक्रियेच्या विभागाचे काचेचे दार बहिणीच्या मागे मिटले, तेव्हा मामाच्या शिरावर एकच जबाबदारी उरली होती. आत नेण्यापूर्वी बहिणीने त्याची बाही ओढून बजावले होते, "दादा, काहीही होऊ दे, पण तिला कुणी धरायचं नाही." मग लेकीकडे वळून ती हसली, "येते हं मी," म्हणाली आणि गेली.

तिला म्हणजे भाचीला. भाची विशी ओलांडलेली, स्वमग्न, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारी. समोरच्याच्या प्रत्येक शब्दाचा जाब विचारायच्या तिच्या खोडीवरून मामाने तिचे नाव वकीलबाई ठेवले होते. आईच्या बजावण्याला कारण होते. मागे एकदा दाताच्या दवाखान्यात चौघांनी तिला खुर्चीत दाबून धरले होते. दात निघाला; पण वकीलबाईंची वाचा जी बसली, ती अख्खा उन्हाळा सरला तरी परत आली नाही. घराचा उंबरठाही तिने ओलांडला नाही. आज पुन्हा तसेच घडले, तर ती त्यातून कधी बाहेर येईल, आणि येईल तरी का, हे कुणीच सांगू शकले नसते.

मामाला मात्र या जबाबदारीची धास्ती वाटली नव्हती. पेशाने तो लिफ्टचा मेकॅनिक. पण लिफ्टपेक्षाही या विषयात आपल्याला अधिक कळते, अशी त्याची धारणा होती, कारण त्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. मुलगा बोलत नसे. जाहिरातीतले एखादे वाक्य दिवसभर घोळवीत बसे, पण त्या वाक्यातून त्याला काही मागायचे नसे. ते त्याचे गुणगुणणे होते. तो बिथरला की मामाचा उपाय ठरलेला: दिवा बंद, दार बंद, तोंड बंद. या तीन बंदांच्या जोरावर मामा इतर आईबापांना न विचारता सल्ले देई, आणि कुणी शंका काढलीच तर 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं' ही म्हण त्याच्या तोंडावर फेकी. म्हण खोटी नव्हती. ज्याचे जळते त्याला आपलेच जळणे कळते, शेजारच्याचे कळतेच असे नाही, एवढा तिचा उत्तरार्ध त्याने कधी लक्षात घेतला नव्हता.

भाची काचेच्या दारासमोर उभी राहिली ती राहिलीच. मामाने बाकावर बसायला सांगितले, वॉर्डच्या सिस्टरांनी आधी गोडीने आणि मग जरा चढ्या आवाजात बाजूला व्हायला सांगितले. सगळ्यांना तिचे एकच उत्तर होते, "आई येते म्हणाली." थोड्या वेळाने दुसऱ्या रुग्णाची ट्रॉली आली आणि वाट अडली. ट्रॉली ढकलणाऱ्याने सहज म्हणून तिच्या कोपराला हात लावला, आणि तिने अशी किंकाळी फोडली की बाकावरची माणसे उभी राहिली. पुढच्याच क्षणी तिने कपाळ काचेवर आपटले.

मामा मध्ये पडला. मला यातले कळते, एक अंधारी खोली तेवढी द्या, असे त्याने सिस्टरांना सांगितले. शेजारीच धुतलेल्या चादरी ठेवायची खोली होती. आईसाठी चादर काढू या, अशी थाप मारून त्याने भाचीला आत नेले, दार लावले, दिवा घालवला आणि ओठांवर बोट ठेवून तो भिंतीला टेकून उभा राहिला.

पहिल्यांदा आवाज चढतो आणि मग उतरतो, हा त्याचा अनुभव. इथे आवाज चढतच गेला. "आई येते म्हणाली, आई येते म्हणाली," आणि प्रत्येक वेळी दारावर कपाळाचा आवाज. मामाने मध्ये हात घातला, तशी ती त्या हातावरही डोके आपटू लागली. तरीही तो बोलला नाही. बोललो तर बिघडेल, याच हिशेबाने तो गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्यानेच बिघडत चालले होते.

दार किलकिले झाले. पलीकडे ऑपरेशने चालू आहेत, असे सिस्टरांनी सांगितले. डॉक्टरांनी झोपेचे इंजेक्शन द्यायला सांगितले होते आणि दोन माणसे वर यायला निघाली होती. त्या निर्दय नव्हत्या, पण जे खरे ते त्यांनी लपवले नाही. "धरल्याशिवाय सुई देता येणार नाही. ती माणसं येईपर्यंत बघा काही जमतं का."

डॉक्टरांचे पाय धरावेत, याखेरीज मामाला काही सुचेना. दाराच्या कडीला हात घालून तो सवयीने बोलून गेला, "येतो हं मी."

कपाळाचा आवाज थांबला.

"कुठून?"

मामा वळला. फटीतून आलेल्या उजेडात तिचे लाल झालेले कपाळ दिसत होते.

"कुठून येणार? तू तर इथेच आहेस."

"अगं, म्हणजे जातो. डॉक्टरांकडे जातो."

"मग येतो का म्हणालास?"

"म्हणायची पद्धत आहे. जाताना येतो म्हणतात."

"आईपण?"

मामाने कडीवरचा हात काढला. इतका वेळ तिचे जे वाक्य त्याने आपल्या मुलाच्या वाक्यांसारखे समजून ऐकले होते, ते गुणगुणणे नव्हतेच. ती सरळ सरळ साक्ष होती. आई येते म्हणाली, तेव्हा ज्या दारापाशी म्हणाली तिथून ती येणार, आणि आपण तिथे नसलो तर तिची चुकामूक होणार. अशा पोरीला त्याने फसवून अंधारात आणले होते आणि तिच्या आणि त्या दाराच्या मध्ये स्वतःच्या हाताने दुसरे दार लावले होते.

त्याने दिवा लावला आणि दार सताड उघडले. दोघे जण येऊन ठेपले होते; एकाच्या हातात कापडी पट्टा होता. मामा उंबरठ्यावर वाट अडवून उभा राहिला. अंधारात ठेवायची अक्कल आपलीच होती, ती चुकली, आता तिला कुणी हात लावू नये, असे तो म्हणाला.

"मगाशीही तुम्हाला सगळं कळत होतं," सिस्टरांनी टोला दिला.

"मगाशी मला माझा मुलगा कळत होता," मामा म्हणाला, आणि पट्ट्याकडे पाठ करून भाचीला सांगू लागला. आई आत आहे. या दारातून ती बाहेर येणार नाही. आत एक लिफ्ट आहे, त्या लिफ्टने आईला खालच्या मजल्यावर आणतील. ती लिफ्ट जिथे उघडते, तिथे आपण उभे राहू शकतो.

"मग ती जाते का नाही म्हणाली?"

"लोकांना तो शब्द अभद्र वाटतो. जाते म्हणजे... परत न येण्यासारखं."

"मरण्यासारखं."

"हो."

"आई मरणार आहे?"

पट्टा धरलेला माणूस मनाने चांगला होता. छे छे, काही होत नाही, असे तो मागून पुटपुटला. तिचा हात झटकन कपाळाकडे गेला, मूठ वळली. तेच वाक्य मामाच्याही जिभेवर आले होते. दुसऱ्या कुठल्याही पोरीला त्याने धीर आला असता, आणि त्याच्या मुलाला त्याची गरजच नव्हती. हिच्यासाठी मात्र ते आणखी एक 'येते' ठरले असते.

"बहुतेक नाही," तो म्हणाला. "ऑपरेशन नेहमीचं आहे, असं डॉक्टर म्हणाले. धोका थोडा आहे. नक्की मला माहीत नाही. जे कळेल ते जसंच्या तसं तुला सांगेन, वाईट असलं तरी."

ती त्याच्या शर्टाच्या बटणाकडे पाहत होती. मूठ तशीच वळलेली होती.

"त्याला तो पट्टा आत ठेवायला सांग."

सिस्टरांनी त्या माणसाला मानेनेच तशी खूण केली. पट्ट्याची गुंडाळी होऊन ती खिशात गेल्यावरच मूठ सुटली.

खालच्या मजल्यावर लिफ्टसमोर उभे राहून तिने प्रश्नांची सरबत्ती लावली, आणि तोंड बंद ठेवण्याचा ज्याला अभिमान, तो मामा घसा कोरडा पडेपर्यंत बोलत राहिला: दोर तुटला तर लिफ्टला कोण धरते, मजल्याशी ती अचूक कशी थांबते, दार का रेंगाळते. जे ठाऊक नव्हते, तिथे ठाऊक नाही म्हणाला. दोनदा लिफ्ट उघडली आणि दोन्ही वेळा आत परकीच माणसे होती. मग सिस्टर स्वतः जिना उतरून आल्या. त्यांनी मामाला वगळून तिलाच सांगितले की टाके घालून झाले आहेत, आई डोळे उघडते आहे, पण बोलेलच असे नाही.

तिसऱ्यांदा लिफ्ट उघडली. आई बोलली नाही. वकीलबाईंनी त्याबद्दल तक्रार केली नाही.

संध्याकाळी बहीण चांगली शुद्धीवर आल्यावर मामा उठला. घरी मुलगा दिवा मालवून त्याची वाट पाहत असणार होता. 'ये' एवढे अक्षर त्याच्या ओठांवर आले, ते त्याने गिळले.

"जातो मी."

"दादा, काय हे अभद्र बोलणं!" बहीण कळवळली.

"उद्या सकाळी परत येईन."

"बहुतेक की नक्की?" भाचीने विचारले.

मुलाची रात्र कशी जाईल याचा मामाने विचार केला, कुठेतरी मध्येच अडकून त्याला बोलावणे आणू शकणाऱ्या लिफ्टचा केला. "बहुतेक."

"मग तसं म्हण."

"उद्या सकाळी बहुतेक परत येईन."

"जा," वकीलबाईंनी परवानगी दिली, आणि बहीण टाक्यांवर हात दाबून हसू लागली.