बादशाच्या गळ्यातला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. अंबाडीचा, सहा हात लांब. कंधारजवळच्या शेतात रामलिंग आप्पांनी मला वळलं. दहा वर्षं मी बैल बांधले. माझी गाठ सुटत नाही, असं आप्पा कौतुकानं सांगायचे. पुढं ट्रॅक्टर आला, बैल विकले गेले. मी खुंटीवर लटकत राहिलो आणि उंदरांनी माझं एक टोक कुरतडलं.

यंदा उन्हाळ्यात आप्पा वारले. त्यांचा कुत्रा बादशा शेतावर एकटा उरला. आप्पांची लेक शिवकन्या नांदेडला शिक्षिका आहे. तिनं मला बादशाच्या पट्ट्याला बांधलं आणि त्याला घरी नेलं.

घरात ठमी नावाची मांजर होती. तिला पाहताच बादशा झेपावला. ठमी कपाटावर चढली, ती संध्याकाळपर्यंत उतरली नाही. शिवकन्यानं मला खिडकीच्या गजाला आखूड बांधलं. ठमी दिसली की शिवकन्या मला खेचायची आणि ओरडायची. बादशा अधिकच चवताळायचा.

पाचव्या दिवशी तिनं शेताशेजारच्या शेषेराव काकांना फोन केला.

“काका, घेऊन जाता का ह्याला?”

“नेतो की. पण हितं कोण हाय त्याचं? आप्पा गेल्यापासून भाकरीला तोंड लावत नव्हता. आन् मास्तरीणबाई, आप्पा नवा बैल कसा बांधायचे, इसरलीस व्हय? पंधरा दिवस बघ. न्हाई जमलं तर टेम्पो आणतो.”

आप्पा नव्या बैलाला जुन्यापासून लांब बांधत. दोघांपुढं एकाच वेळी कडबा टाकत आणि रोज हातभर जवळ आणत. शिवकन्यानं तेच केलं. ठमी जाळीच्या दाराआड, बादशा अंगणाच्या टोकाला. दोघांना एकदमच खाणं. ठमीकडं बघून तो गप्प राहिला की भाकरीचा आणखी एक तुकडा. असं सुरू केल्यापासून सहाव्या दिवशी दार चुकून उघडं राहिलं, बादशानं हिसका दिला. पुन्हा तीन हात मागं जावं लागलं.

ठरल्या दिवशी काका आले. जाळीचं दार उघडंच होतं. त्यांच्या पिशवीचा वास घेत ठमी थेट अंगणात आली. बादशा उठला. माझं टोक शिवकन्याच्या हातात होतं.

“खेच की, बघतीस काय!” काका ओरडले.

शिवकन्यानं मला खेचलं नाही. बादशानं ठमीकडं पाहिलं, मग शिवकन्याकडं, आणि तो खाली बसला.

“बैलापरीस लवकर शिकलं की बेनं,” काका म्हणाले. “राहू दे हितंच.” टेम्पो रिकामा परत गेला.

मित्रांनो, घरात कुणी नसेल तेव्हा शिवकन्या अजून दोघांना वेगळं ठेवते. तुम्हीही घाई करू नका. आणि माझ्यासारखा दोर हाती आला तर ढिला धरा. तुमच्या हातातली भीती आमच्यातून थेट जनावराच्या मानेपर्यंत पोचते.