कांडीचं रडणं

मूळ भाव

कथलाचा भाव लांबच्या बाजारातून येतो आणि मुंटोक बंदरात सगळ्यांना सारखाच लागतो. त्यापुढचा हिशोब शिसं ठरवतं. लगडीत शिसं अगदी कमी असेल तर भावाच्या वर पैसे मिळतात. जास्त निघालं तर कपात.

सुहैमींना भट्टीवर सगळे आदरानं पाक, म्हणजे बाबा, म्हणत; ते शिसं कानानं ओळखत. भट्टीतल्या प्रत्येक ओतीची एक बारीक कांडी काढायची, कानाशी धरून वाकवायची. चोख कथील वाकताना करकरतं. इथले लोक म्हणतात, रडतं. शिसं मिसळलं की गप्प होतं. प्रयोगशाळा आली, तरी पहिली कांडी पाकच्या हातात द्यायची रीत राहिली. बायको गेल्यापासून सकाळी उठायला तेवढंच निमित्त होतं.

वजा

आज कांडी गप्प राहिली. दुसरी वाकवली. तीही गप्प.

"शिसं शिरलंय," पाक म्हणाले. "ही ओत कपातीत गेली."

त्यांच्या शब्दावर लगडींचे गठ्ठे बाजूला निघाले. धक्क्यावर जहाज खोळंबलं.

अधिक

दुपारी प्रयोगशाळेतली युलिता आली.

"पाक, कपात कसली घेऊन बसलात? वर पैसे मिळणारेत. यंदाचं सगळ्यात चोख कथील आहे हे."

"मग रडलं का नाही?"

"सुखात असेल." तिनं कांडी घेतली आणि त्यांच्या कानाशी वाकवली. पलीकडचे दोघे हमाल वळून हसले. "बघा, केवढं भोकाड पसरलंय."

पाक हमालांकडे बघत राहिले. त्यांना तिथवर ऐकू गेलं होतं.

भट्टीवर सगळेच ओरडून बोलतात. म्हणून तर इतके दिवस काही उमगलं नव्हतं.

युलिताचं हसू विरलं. "पाक, उद्याची पहिली कांडी..."

"तू वाकव."

हातात पडणारा भाव

रात्री घरी ताटलीत भात, वाडग्यात लेम्पा, माशाचं पिवळं कालवण, निवत चाललेलं. बाताम बेटावर राहणारी त्यांची मुलगी निलाम बरेच दिवस फोन करत नाही, म्हणून त्यांनीही केला नव्हता. मनातल्या मनात तिच्या नावावर कपात लावून बसले होते.

आज त्यांनी फोन उघडून पाहिला. न घेतलेले कॉल. निलाम. निलाम. बोटानं सरकवत गेले, तरी निलामच.

त्यांनी नंबर लावला. पडद्यावर सेकंद धावू लागले, म्हणजे तिनं उचलला होता. कानाशी मात्र नुसती शांतता. ती बोलतेय की रुसून गप्प आहे, कळेना.

"निलाम," ते भट्टीवरच्यासारखं ओरडून म्हणाले, "बोल. मला ऐकू येतंय असं समज, आणि बोल."