चार दिवसांचं ट्रेनिंग

तीन महिन्यांसाठी माझ्याकडे राहायला आलेल्या आईला मी सांगितलं, ऑफिसचं ट्रेनिंग आहे. नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट गावाच्या सपाट रस्त्यावर मी सायकल चालवते तरी ती देव पाण्यात घालून बसते. ऑस्ट्रियाला बर्फावरून घसरायला जातेय म्हटलं असतं, तर मला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नसतं.

आणि घसरले मी! पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याचा हात सोडला नाही, दुसऱ्या दिवशी किंचाळत खाली. माझ्यासमोर एकाचा पाय मोडला, त्याला स्लेजवर बांधून नेलं, आणि मी निर्लज्जासारखी पुन्हा रांगेत. इतकी मोकळी मी कित्येक वर्षांत नव्हते.

परतल्यावर चौथ्या दिवशी ताप चढला. मार्च दोन हजार वीस. ऑस्ट्रियाला बरोबर आलेल्या यशोधनचा मेसेज आला, त्याला कोरोना झालाय, आमच्यातल्या आणखी दोघांनाही. हाउसआर्ट्स, म्हणजे आमची इथली डॉक्टर, फोनवर म्हणाली, आईला दमा आहे ना, मग तिला खोलीत पाऊलही टाकू देऊ नका.

सांगणं सोपं आहे! माळ्यावरच्या माझ्या खोलीला कडी नाही. आई धापा टाकत काढ्याचा थर्मास घेऊन तो उभा जिना चढायची. "आईला कसला गं आलाय संसर्ग? तुझा गोवर मांडीवर घेऊन काढलाय मी." मी दाराला खुर्ची लावायचे, ती खुर्चीसकट दार ढकलायची.

तिला थोपवणारी एकच गोष्ट मला ठाऊक होती, तिचा अबोला. तो धरला की ती त्या माणसाच्या आसपासही फिरकत नाही.

"ट्रेनिंग नव्हतं," मी दाराआडून ओरडले. "स्कीइंगला गेले होते. तू घरात होतीस म्हणून गेले. जीव गुदमरत होता माझा!"

शेवटचं वाक्य खरं होतं, आणि ते तिला कळलं.

दोन दिवस ताट जिन्याच्या पायथ्याशी यायचं, शब्द एकही नाही. मी येरझाऱ्या घालायचे, थांबायचे, ती खोकतेय का ते ऐकायचे. नव्हती खोकत.

तिसऱ्या दिवशी दाराबाहेर तिची धाप ऐकू आली.

"जयू, फेऱ्या घालतेयस ना, ऐकू येतंय मला. चुकलं गं माझं. फार जखडलं तुला. एकदा बोल, म्हणजे मी जाते."

मी नुसतं 'आई' म्हटलं असतं तरी ती आत आली असती. मी उशीत तोंड खुपसलं, खोकला दाबला आणि बोलले नाही. ती बराच वेळ उभी होती. मग एकेक पायरी खाली उतरत गेली.