खंडेनवमीची तारीख

विजयसिंहांच्या पोटात मंगळवारी सकाळी जो गोळा उठला, तो बुधवारची संध्याकाळ झाली तरी खाली बसायचं नाव घेईना. त्यांच्या बायकोनं, क्रांतीवैनींनी, ओवा दिला, लिंबू-सोडा दिला, आणि शेवटी "दवाखान्यात चला की" म्हणून मागंच लागल्या. पण दवाखान्यात जाऊन सांगणार काय? पोट बिघडलेलंच नव्हतं. एक गोष्ट माहीत होती आणि ती तोंडातून बाहेर पडत नव्हती, एवढाच काय तो आजार.

हा आजार समजायचा तर जरा मागं जायला पाहिजे. विजयसिंह राहायला गडमुडशिंगीत आणि कामाला जवळच्याच एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत. तिथं गाड्यांचे ब्रेक ड्रम ओततात. भट्टीतला रस साच्यात ओतायच्या आधी त्यातला थोडा घेऊन नाण्यासारखी चकती करायची आणि लॅबमधल्या मशीनवर ठेवायची. मशीन तिच्यावर ठिणगी पाडतं, आणि लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती ते आकडे कॉम्प्युटरच्या पडद्यावर येतात. त्या आकड्यांवर भट्टीत आणखी काय टाकायचं ते ठरतं. हे मशीन विजयसिंहांच्या ताब्यात. तेविसाव्या वर्षी लागले, आज त्रेपन्न. सगळी फौंड्री त्यांना आण्णा म्हणते, आणि आण्णांनी मान हलवल्याशिवाय भट्टी रस ओतायला कधी वाकली नाही.

मशीन ठणठणीत, पण त्याला जोडलेला कॉम्प्युटर पंच्याण्णव सालचा. त्यातल्या प्रोग्रामला एक खोड होती, नव्व्याण्णवच्या पुढचं साल त्याला कळायचंच नाही. दोन हजार साल लागलं आणि आकडे वेडेवाकडे यायला लागले. तारखेवरून तो मशीनचं वय मोजायचा आणि तेवढी दुरुस्ती आकड्यात करायचा. तारीखच उलटी पडल्यावर दुरुस्तीही उलटी. मशीन विकणाऱ्या कंपनीच्या माणसानं फोनवर तोड सांगितली: वर्षातनं एकदा साल मागं घ्या. पुढं ती कंपनी बंद पडली, तो माणूस कुठं गेला देव जाणे, पण तोड आण्णांकडं राहिली. एकट्या आण्णांकडं. त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. कशाला सांगतील?

खंडेनवमीला फौंड्रीत सगळी यंत्रं धुऊन पुसून पुजतात. त्या दिवशी आण्णा लॅबचं दार आतनं लावून घ्यायचे, कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालायचे, हळद-कुंकू लावायचे, आणि उदबत्तीच्या धुरात बसून नव्व्याण्णवचं अठ्ठ्याण्णव करायचे. बाहेर सगळे हात जोडून उभे! थोरले मालक तर येईल त्या पावण्याला सांगायचे, "आण्णाच्या हातची पूजा असल्याबिगर ह्ये मशीन चालत न्हाय बगा." एका साली आण्णांना टायफॉईड झाला, तर रिक्षात घालून पूजेला आणलं होतं. आता असा मान आपण होऊन सोडायला माणूस संत लागतो, आणि आण्णा काही संत नव्हते.

ह्या वर्षी संक्रांत झाली आणि त्या कॉम्प्युटरनं मान टाकली. थोरले मालक वारले, आता त्यांचे चिरंजीव सयाजीराव कारभार बघतात. नवं मशीन घ्यायची ऐपत नाही, चकत्या बाहेरून तपासून आणाव्या तर तोवर भट्टी थांबत नाही. कुणीतरी शाहूपुरीतल्या वर्षाराणीचं नाव सांगितलं. तीस-बत्तीसची पोरगी, जुनी यंत्रं नव्या कॉम्प्युटरला जोडून देते म्हणे. ती आली, जुन्या डब्यातली डिस्क काढली, चार दिवस लॅबमध्ये ठाण मांडून बसली.

"आण्णा, ह्यो डबा आता दुरुस्त होत नाही," ती म्हणाली. "आपण त्याची नक्कल करू. ह्या लॅपटॉपमध्ये जो प्रोग्राम टाकलाय ना, तो तुमच्या जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो. एमुलेटर म्हणतात त्याला."

"सोंग घ्यून आकडं खरं येत्यात व्हय?" आण्णांनी विचारलं.

"येतात की! जगभरची गेमवेडी माणसं बसलीयत ह्याच्या मागं. लहानपणी पार्लरमध्ये नाणी टाकून खेळलेले गेम परत जसेच्या तसे खेळायचे होते त्यांना. आधी नक्कल अर्धवट असायची, गेम पळायचा पण आवाज फाटायचा, वेग चुकायचा. आता जुन्या चिपचा एकेक ठोका मोजून नक्कल करतात, आतल्या कार्डांची सुद्धा. दहा वर्षांपूर्वी तुमचं मशीन ह्याच्याशी बोललंच नसतं."

सोमवारी मशीन बोललं. ज्याच्यात काय किती आहे ते आधीच ठाऊक असतं असा एक प्रमाण तुकडा लॅबमध्ये असतो, तो ठेवला तर आकडे तंतोतंत. सयाजीराव ओरडलेच, "नाद खुळा!" पेढे आले. सगळे त्या पोरीभोवती गोळा झाले, फोटो काढले. तेवढ्यात सयाजीरावांनी आण्णांच्या खांद्यावर हात टाकला आणि हसत म्हणाले, "आण्णा, आता कुणीबी चालवंल की हो!"

वाईट मनानं नाही म्हणाले. पण आण्णांनी तोंडाशी नेलेला पेढा परत पुड्यात ठेवला.

सोमवारी वर्षाराणीनं प्रोग्राम चालवला तो जुन्या डिस्कवरच्या तारखेवर, म्हणून सगळं बरोबर आलं. मंगळवारी सकाळी आण्णांनी लॅपटॉप नव्यानं सुरू केला, तर सोंगाड्यानं लॅपटॉपचीच तारीख उचलली. पडद्याच्या कोपऱ्यात आण्णांनी बघितलं: साल सव्वीस. बघितलं आणि त्याच क्षणी सगळं उमगलं. पोरीचा नंबर खिशातल्या फोनमध्ये होता. एक फोन, एक वाक्य.

त्यांनी फोन केला नाही. मनात म्हणाले, होऊ दे की. आकडे फिरतील, मशीन येड्यागत करंल, मग पळत येतील, 'आण्णा, बगा की जरा' म्हणतील. मग दार लावून घेऊ आणि करू सरळ. दोन तासांचा तर प्रश्न.

पण शून्य सालाइतकं सव्वीस साल उलटं पडत नव्हतं, म्हणून आकडे त्या वेळेसारखे येड्यागत झालेच नाहीत. सिलिकॉन थोडं जास्त दिसायला लागलं, एवढंच. कुणाच्या डोळ्यावर येईल इतकंही नाही. कोण पळत येणार? सिलिकॉन पुरेसं दिसतंय म्हणून भट्टीत कमी टाकलं आणि ओतकाम सुरू झालं. आता आण्णांची पाचावर धारण बसली. आकडा खरा की खोटा हे कळायला काय लागत होतं? तो प्रमाण तुकडा मशीनवर ठेवायचा, बस्स. रोज सकाळी तो ठेवणं हे आण्णांचंच काम. मंगळवारी त्यांनी तो ठेवला नाही. बुधवारीही नाही. ठेवला तर नक्की कळणार, आणि नक्की कळलं की मग गप्प बसता येणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

भट्टीवर आकाराम. आण्णांच्याच वयाचा, शाळेचं तोंड न बघितलेला, पण रसाच्या रंगावरून लोखंड ओळखणारा गडी. तो अजून जुन्या पद्धतीनं छोटी पाचर ओतायचा, पाण्यात विझवायचा, मोडायचा आणि आतला रंग बघायचा. टोकाला थोडं पांढरं आणि बाकी करडं असलं की लोखंड चांगलं. पांढरं जास्त म्हणजे कडक आणि काचेसारखं ठिसूळ.

बुधवारी दुपारी मोडलेली पाचर घेऊन तो लॅबच्या दारात आला. "आण्णा, पांढरं लई दिसालंय बगा. शिलिकॉन कमी पडालंय काय?"

"आकडा तर बराबर हाय," आण्णा पडद्याकडं बघत म्हणाले. आकारामकडं बघायची छाती झाली नाही.

"कॉम्प्युटरपेक्षा शाना झाला काय रं आकाराम?" मागनं कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. आकारामनं पाचर भंगारात टाकली. "तुमी म्हंतासा तर असंल," म्हणाला आणि गेला. त्या बुधवारी रात्री आण्णांनी ताटावरनं हात धुतला तो भाकरीचा तुकडा न मोडताच.

गुरुवारी सकाळी मोटारसायकलवर निघाले. मुडशिंगीच्या वळणावर पुढं एक शाळेची बस. मागच्या काचेला नाक लावून दोन पोरी वाकुल्या दाखवत होत्या. बसचा मागचा लाल दिवा लागला, बस थांबली आणि आण्णांनी घाबरून गाडी कडेला घेतली. अहो, थांबलीच की, रोज थांबते! पण आण्णांना ठाऊक होतं, मंगळवार-बुधवारी ओतलेले ड्रम शाळेच्या बसगाड्यांनाच बसणार होते. उतारावर ब्रेक दाबला आणि ड्रमच फुटला तर? त्या पोरी वाकुल्या दाखवतच राहिल्या. आण्णांना त्यांच्याकडं बघवेना.

लॅबमध्ये शिरले ते जेवणाच्या डब्यासकट. पिशवी खांद्याला तशीच. प्रमाण तुकडा काढला, मशीनवर ठेवला, ठिणगी पाडली. सिलिकॉन यायला पाहिजे दोन पूर्णांक दहा. आलं दोन बेचाळीस. परत पाडली. दोन एक्केचाळीस. त्यांनी तारखेच्या रकान्यात जाऊन अठ्ठ्याण्णव केलं आणि तिसऱ्यांदा ठिणगी पाडली.

दोन पूर्णांक अकरा.

म्हणजे दोन दिवसांचं सगळं लोखंड कच्चं. सगळे एकशे ऐंशी ड्रम. आण्णांनी खिडकीतनं बाहेर बघितलं तर फाटकाजवळ ट्रक भरलेला, ताडपत्रीची दोरी आवळून झालेली, आणि ड्रायव्हर केबिनमध्ये चढत होता.

त्रेपन्नाव्या वर्षी माणूस असा पळत नाही. वाटेत साच्यांची रांग होती ती तुडवत गेले, एक चप्पल मागं राहिली, आणि ट्रकच्या समोर जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. "थांबव! थांबव म्हंतो न्हवं! माल जायचा न्हाय!"

"आण्णा, काय येड लागलं काय!" ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला.

दंगा ऐकून सयाजीराव आले, आकाराम आला. पाहणीला म्हणून त्याच वेळी पोचलेली वर्षाराणी स्कूटी तशीच टाकून आली. आण्णांना धाप लागलेली. "लोखंड ठिसूळ हाय. आकडं खोटं हुतं," एवढंच बोलले.

सयाजीरावांचा विश्वास बसेना. आकारामनं कुणाला न विचारता ताडपत्रीची एक कड सोडून वरचा एक ड्रम खाली ओढला, घण उचलला आणि काठावर घातला. चांगला ड्रम दणका सोसतो. हा एका घावात दुभंगला. मोडलेल्या जागी कडेनं बोटभर पांढरंशुभ्र.

"तारखेमुळं," आण्णा म्हणाले. "साल अठ्ठ्याण्णव करावं लागतंय. आपसूक सव्वीस झालंय त्यात."

सयाजीराव फिरले ते वर्षाराणीवर. "ह्ये काय करून ठेवलंसा वो म्याडम? गेम खेळायची खेळणी आणून आमच्या फौंड्रीत लावली व्हय? पोरं मेली असती की! उचला ते समदं आणि निघा. आनि गावभर सांगतो मी, ह्या बाईकडं कुणी जाऊ नका म्हणून."

पोरीचा चेहरा पांढरा पडला. "तारीख मी तपासायला पाहिजे होती," ती म्हणाली. मान खाली घातली नाही. "चूक माझीच आहे."

सयाजीरावांचा सूर आण्णांकडं वळताना मऊ झाला. "आण्णा, तुमी हुता म्हणून वाचलो बगा. तुमच्याबिगर ह्ये मशीन चालत न्हाय, आमचे आबा उगं म्हणत न्हवते. आत्ता ध्यानात आलं न्हवं तुमच्या? ध्यानात येताच पळत आलासा."

हेच तर ऐकायचं होतं आण्णांना. दोन दिवस ह्यासाठीच तर गप्प बसले होते. सगळी फौंड्री बघत होती, पुन्हा त्याच डोळ्यांनी, आणि करायचं होतं ते फक्त एक, मान हलवायची. व्हय म्हणायचं, तेही नको, नुसतं गप्प राहायचं. पोरगी स्कूटीकडं वळली सुद्धा होती.

"न्हाय," आण्णा म्हणाले.

"काय न्हाय?"

"आत्ता न्हाय ध्यानात आलं. मंगळवारी लॅपटॉप लावला तवाच दिसलं हुतं मला. तिची कायबी चूक न्हाय. तिला कुणी सांगितलंच न्हाय. मी एकट्यालाच म्हाईत हुतं आनि मी गप बसलो. आकारामनं पाचर आनून दावली तरीबी गप बसलो."

आकारामनं घण जमिनीवर टेकवला. कालच लोकांनी त्याला हसून घेतलं होतं, पण तो आण्णांकडं बघेना, फुटलेल्या ड्रमाकडंच बघत राहिला.

वर्षाराणी परत आली. आण्णांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं आणि त्याच्यापेक्षा राग जास्त होता. "कशासाठी, आण्णा? एक फोन करायचा होता. का नाही केलात?"

आण्णांना पुष्कळ सांगता आलं असतं. तीस वर्षं सांगता आली असती. पण तिथं एक पाय अनवाणी, उन्हात उभं राहून जे खरं होतं ते एवढंसंच निघालं.

"तू येऊन मला इचारावंस म्हणून."

मग आकारामनं ताडपत्रीची उरलेली दोरी सोडली आणि पुढचा ड्रम खाली ओढला, आणि आण्णांनी त्याच्याकडनं घण मागून घेतला.