शेजारधर्माचा अग्रलेख

आमच्या वॉलर्स फोर्डमध्ये चर्च एक, डॉक्टर एक आणि वर्तमानपत्रं मात्र दोन होती. कॅन्ससच्या त्या भागात तेव्हा गव्हाच्या आधी संपादक उगवत. 'सेंटिनेल' माझ्या नवऱ्याचं, अ‍ॅल्विन ट्रॅस्कचं. आणि रस्त्यापलीकडचं 'बॅनर' ऑरिन फेल्प्सचं. दोघे एकाच पक्षाचे, दोघांचाही डोळा राज्याच्या सिनेटमधल्या आमच्या जागेवर, आणि दर आठवड्याला दोघे एकमेकांना छापील शिव्या घालत. ऑरिनच्या शिव्या वाचून गाव पोट धरून हसायचं आणि अ‍ॅल्विनच्या वाचून नुसती मान डोलवायचं. हा फरक अ‍ॅल्विनला दोन घास सुखानं खाऊ देत नसे. मीसुद्धा ऑरिनचाच अग्रलेख आधी वाचायचे, पण स्वयंपाकघरात, हसू दाबून.

कागदावर लिहिण्याची दोघांनाही सवय नव्हती. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, पेट्यांपुढे उभं राहायचं, एका हातात जुळणीची पट्टी धरायची आणि दुसऱ्या हातानं खणांतून एकेक अक्षर उचलत अग्रलेख थेट शिशातच जुळवायचा. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मीही हे काम केलं, कारण पगारी माणूस परवडत नव्हता. त्यामुळे कुठलं अक्षर कुठल्या खणात, हे मला आजही डोळे मिटून सांगता येईल. अ‍ॅल्विन उजव्या हातानं खिळे उचलायचा. त्या बोटांचे काळे डाग चादरींना लागत आणि मी चिडायचे. ऑरिन डावखुरा होता.

आणखी एक सांगून टाकते. गावात मी सगळ्यांची मिसेस ट्रॅस्क होते आणि घरात नुसती 'अगं'. फक्त ऑरिन, वाण्याच्या दुकानात भेटला की टोपी काढून 'ड्रुसिला' म्हणायचा, अगदी पूर्ण, घाई न करता. त्या वेळी अ‍ॅल्विनचा चेहरा दूध नासल्यासारखा व्हायचा. मला ते नाव ऐकायला आवडायचं.

उमेदवार ठरवायचं पक्षाचं अधिवेशन तोंडावर आलं आणि ऑरिन तापानं आडवा झाला. आता, आमच्याकडच्या संपादकांचा एक शेजारधर्म होता. एक आजारी पडला तर दुसऱ्यानं त्याचं पत्र काढायचं. त्याच्या बाजूनं, त्याच्या तोंडची भाषा वापरून, वेळ पडली तर स्वतःलाच चार शिव्या हाणून. आणि त्याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. गावानं समजायचं की आजारी माणूस अंथरुणातून मजकूर सांगतो आहे.

"जाणार तू?" मी विचारलं.

"न जाऊन कसं चालेल? अगं, उद्या मी पडलो तर माझं पत्र कोण काढेल?"

त्या आठवड्याच्या 'बॅनर'मध्ये होतं: 'श्री. ट्रॅस्क यांना प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू ठाऊक असतात, आणि जेवणाचं आमंत्रण ते दोन्ही बाजूंचं घेतात.' लोहार ते वाचत आमच्या दारात आला. "अ‍ॅल्विन, अरे, तापात हा माणूस असं लिहितो! बरा असता तर तुझी हाडं गोळा करावी लागली असती!"

अ‍ॅल्विन कसनुसं हसला. लोहार गेल्यावर त्यानं तो अंक चुलीत घातला.

"मला 'सेंटिनेल'मध्ये का सुचत नाही असं?"

"पण लिहिलंस तर तूच ना?"

"मी तिथं उभा होतो," तो म्हणाला, आणि धुवायला हात पुढे केले. मी त्याच्या हातांवर पाणी ओतत होते. काळी झाली होती ती डाव्या हाताची बोटं.

पुढच्या अंकाच्या वेळी तो जाताना म्हणाला, "आज असं भिकार लिहितो की गाव जांभया देईल. मग बघू अधिवेशन कुणाला उभं करतं ते." त्याला मी अडवलं नाही. दुपारी ऑरिनसाठी सूप घेऊन गेले. तो 'बॅनर'च्या छापखान्याच्या माडीवरच राहायचा. त्याचे डोळे मिटलेले होते. डॉक्टर म्हणत, आता तो कुणाला ओळखत नाही. पण रजईवर त्याचा डावा हात चालला होता. पुढे जायचा, काहीतरी चिमटीत उचलायचा आणि छातीपाशी आणून ठेवायचा.

सूप तसंच ठेवून मी खाली निघाले. जिन्याच्या मधल्या पायरीवरून वरचा पलंगही दिसत होता आणि खालच्या पेट्याही. अ‍ॅल्विन माझ्याकडे पाठ करून उभा होता, पट्टी त्याच्या उजव्या हातात होती. वरचा हात थांबला की खालचा थांबायचा. मग दोन्ही हात एकाच वेळी एकाच दिशेला जायचे. मला हाक मारायची होती, पण कुणाला मारू ते कळेना.

तो अग्रलेख ऑरिनच्या आयुष्यातला सर्वांत चांगला होता. अधिवेशनात लोकांनी तो उभं राहून वाचला आणि आजारी माणसाला एकमुखानं उमेदवारी दिली.

"माझ्या हातांनी मी त्याला उमेदवारी दिली!" अ‍ॅल्विन ओरडला.

"मग सांगून टाक सगळ्यांना."

"काय सांगू? मी शिसं जुळवलं ते वेगळंच होतं, अगं. ते मी डोळ्यांनी वाचलं होतं, पण छापून दुसरंच आलं."

आनंदाची बातमी माडीवर पोचेपर्यंत ऑरिन गेलेला होता. रिकाम्या जागी पक्षानं अ‍ॅल्विनला उभं केलं आणि तो निवडून आला. हवं होतं ते सगळं त्याला मिळालं. 'बॅनर' बंद पडलं. 'सेंटिनेल' मात्र असं काही निघू लागलं की राजधानी टोपेकाची मोठी पत्रं त्यातले उतारे छापत, आणि लोहार शपथेवर सांगे की अ‍ॅल्विनला आताच कंठ फुटलाय.

परवा न्याहारीला तो स्वतःचाच ताजा अंक वाचत बसला होता. मक्याची भाकरी गार होत होती.

"मेला तरी माझ्यापेक्षा चांगलं लिहितो," तो म्हणाला. "खरं सांग, तुला कुणाचं आवडतं? त्याचं की माझं?"

"दोन्ही तुझंच आहे."

तो अंकात डोकं घालून बसला. त्याचा डावा हात टेबलावर पडला होता, आणि तो चालू लागला. समोर पेटी नव्हती, पण मला पेटीची गरज नव्हती. आधी तो वर गेला, कॅपिटल अक्षरांच्या जागी. मग खाली, एकेका खणाकडे, 'एल'च्या खणाकडे लागोपाठ दोनदा. घाई न करता त्यानं माझं नाव पूर्ण जुळवलं आणि उत्तराची वाट बघत थांबला.

मी कॉफीचं भांडं खाली ठेवलं आणि त्या हातावर माझा हात ठेवला. त्यानं माझी बोटं हळूच धरली.

अ‍ॅल्विननं अंकावरून मान वर केली. आमच्या हातांकडे पाहिलं. वाण्याच्या दुकानात ऑरिननं टोपी काढली की व्हायचा, तसा त्याचा चेहरा झाला.