लगाम धरलेला हात

येडशीजवळच्या आमच्या शाळेचे अध्यक्ष आण्णासाहेब यांना आपल्या पणजोबांचं तैलचित्र हॉलमध्ये लावायचं होतं. पणजोबा निजामाच्या काळातले जहागीरदार, पण घरात त्यांना ‘राजे’च म्हणतात. मी तिथली चित्रकलेची कंत्राटी शिक्षिका.

“संघप्रिया म्याडम, अनावरणाला ह्यातली प्रतीकं तुमी समजावून सांगा. सोमवारी नोकरीची कायमची ऑर्डर देतो,” आण्णासाहेब म्हणाले. “घोडा म्हंजी प्रजा. स्वार म्हंजी राजा. बघा, काय रुबाब हाय.”

मी बघितलं. राजांची तलवार उपसलेली, छाती पुढं, मिशा वर. डोळे मात्र खाली, घोड्याच्या कानांवर. एसटीच्या टपावर बसवलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा. आणि झाडाच्या बुंध्याआडून एक सावळा हात आलेला, लगाम घट्ट धरलेला. हात तेवढा काढला होता, माणूस नाही.

तो हात माझ्या पणजोबांचा, कोंडिबाचा. राजे घोड्याला भ्यायचे, म्हणून चित्र पुरं होईपर्यंत कोंडिबा लगाम धरून उभे होते. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे. मी ते आण्णासाहेबांना सांगून टाकलं.

ते चित्राजवळ गेले. “मग तो हात पुसून टाका. रंग तुमच्याकडं हायतच.”

डोकं सणकलं माझं. पण ऑर्डर हवी होती. दर जूनला नव्यानं अर्ज करून मी विटले होते. हो म्हणाले आणि हॉलची किल्ली घेतली.

ब्रश टेकवला, पण हात पुसवेना. मग झाडच पुसलं. मनगटाला दंड जोडला, दंडाला खांदा. कोंडिबाचा फोटो कुणाकडंच नाही, म्हणून चेहरा वडिलांचा घेतला. चित्रावर पडदा टाकून किल्ली परत केली.

अनावरणाला पाहुण्यांनी पडदा ओढला. “वा! हे पुढं उभे आहेत ते कोण? सेनापती का?”

आण्णासाहेबांनी मान डोलावली. “व्हय. सेनापती.”

सगळा हॉल तिसऱ्या रांगेकडं वळून बघू लागला. तिथं माझे वडील प्रेमानंद बसले होते. ते सावकाश उठले.

“सेनापती न्हाय साहेब. माझे आजोबा हायत, कोंडिबा. राजे पडू नयेत म्हणून उभे हायत.”

पोरं खदखदून हसली. मला रडू आलं.

सोमवारी ऑर्डर निघाली नाही. चित्र मात्र अजून भिंतीवर आहे, कारण कोंडिबाला खाली काढायचं तर राजांनाही उतरावं लागतं.